आमच्या व्याह्यांची घडीची होडी

ही हकीकत लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कधी डोळ्यांचं निमित्त केलं, कधी पाहुण्यांचं, आणि काहीच सापडलं नाही तेव्हा 'आता कशाला जुनं उकरायचं' हे हुकमी कारण होतंच. पण आमच्या घरात ती हकीकत आता चुकीच्या रूपात पक्की होऊन बसली आहे. नातवंडं ती एकमेकांना जर्मनमध्ये सांगतात आणि पोट धरून हसतात. त्यात आमच्या व्याह्यांचं, म्हणजे माझ्या सुनेच्या वडिलांचं, जे चित्र उभं राहतं ते खरं नाही. माझं जे उभं राहतं ते तर मुळीच नाही. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो: उभ्या पृथ्वीवर आमच्या व्याह्यांइतका सरळ माणूस दुसरा झाला नसेल, आणि इतका सरळ असूनही ज्याचा मला आजतागायत उलगडा झालेला नाही असाही दुसरा नाही.

व्याही मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी जर्मनीत र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि तिथेच मुरले. येताना त्यांनी त्या वेळचे आपल्याकडचे रीतिरिवाज बरोबर आणले, आणि जर्मनीच्या थंडीत ते जसेच्या तसे टिकले. इकडे पुण्यात आम्ही सगळं केव्हाच सोडून दिलं होतं. मुलाचं लग्न आम्ही दोन हार आणि एका सहीवर उरकलं असतं. पण मुलीच्या बापानं मुलाच्या बापाशी कसं वागावं याचे नियम व्याह्यांनी लहानपणी पाहून ठेवले होते, आणि कारखान्यात एखादा सुटा भाग तपासावा तसे ते मिलिमीटरपर्यंत पाळत. मी पहिल्यांदा फ्रांकफुर्टच्या विमानतळावर उतरलो तेव्हा हार-नारळ होतंच, पण पार्किंगमध्ये गाडीजवळ आल्यावर त्यांनी डिकीतून एक पाट काढला, एक थर्मास काढला आणि म्हणाले, "व्याहीबुवा, मोजे काढा. पाय पुढे करा."

"अहो, केवढी थंडी आहे!"

"म्हणून तर पाणी सदतीस अंशांचं आणलंय."

इतक्यात पार्किंगचा रखवालदार धावत आला. त्याला वाटलं, कोणीतरी गाडी धुतोय. व्याह्यांनी त्याला जर्मनमध्ये काय समजावलं कोण जाणे, पण माझा दुसरा पाय धुऊन होईपर्यंत तो टोपी काढून अदबीनं उभा राहिला, आणि शेवटी टॉवेल त्यानंच पुढे केला.

रीत सांगलीची आणि शिस्त जर्मन, असं ते मिश्रण होतं. देवपूजेतली शिळी फुलं कचऱ्याच्या कोणत्या डब्यात टाकायची हा प्रश्न त्यांना पडला, तेव्हा त्यांनी नगरपालिकेला फोन केला. निर्माल्य म्हणजे काय, ते पायदळी का येऊ नये, नदीत सोडायला इथे दंड का होतो आणि तो कसा योग्यच आहे, हे सगळं त्यांनी त्या बाईंना सविस्तर सांगितलं. बाईंनी वरिष्ठांना विचारून उलट फोन केला: ओल्या कचऱ्याच्या डब्यात चालेल, मात्र हाराचा दोरा काढावा. तेव्हापासून व्याही रोज पूजा झाली की चष्मा लावून हाराचा दोरा ओढत बसत. "गेनाऊ," दोरा अख्खा निघाला की म्हणत. अगदी बरोबर, या अर्थाचा हा जर्मन शब्द त्यांच्या तोंडी इतका बसला होता की आरती संपल्यावरही एकदा निघून गेला.

पण त्यांचा सगळ्यात अवघड नियम हा की मुलाकडचा माणूस चुकत नसतो. एकदा त्यांच्या घरामागच्या नदीकाठी फिरताना मी सहज म्हणालो, "वा! ऱ्हाइन फार सुंदर आहे तुमची." सून तिथेच होती. ती हसायला लागली, कारण र्युसेल्सहाइमला ऱ्हाइन नाही, माइन आहे. व्याह्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. मला म्हणाले, "तसंही म्हणता येईल." दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर त्यांनी मला गाडीत घातलं आणि माइन जिथे ऱ्हाइनला मिळते तिथे संगमावर नेऊन उभं केलं. "आल्झो," म्हणजे 'तर मग', असं घसा साफ करून म्हणाले, "इथून पुढे तुमचं म्हणणं बरोबर आहे." मला हसावं की शरमावं ते कळेना. चूक मान्य करायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती.

त्यांच्या आयुष्यात मुलीनंतर लाडकी गोष्ट एकच, ती म्हणजे त्यांची घडीची होडी. लाकडी बरगड्या, त्यांवर चढवायचं जाड कापडी आवरण, आणि काम झालं की सगळं सुटं करून दोन मोठ्या पिशव्यांत. जर्मन लोकांना असल्या होड्यांचं वेड आहे. व्याह्यांची होडी मुलीच्या जन्माआधीची. तिच्या बरगड्यांना ते दर हिवाळ्यात तेल लावत, मुलांना अभ्यंगाला लावतात तसं, आणि लावताना तिच्याशी मराठीत बोलत. सुट्टीच्या दिवशी माइनवर एकटेच जाऊन येत. विहीणबाई गेल्यावर सुट्टीचा दिवस असा राहिला नाही, सगळेच दिवस होडीचे झाले.

कार्ल्सरूहेला राहणाऱ्या माझ्या मुलाला आणि सुनेला त्यातून काळजी लागली. एवढ्या घरात हे एकटे. एकदा किल्ली आत राहिली, एकदा गॅसवर दूध राहिलं, आणि त्यातून पाण्यात जाणं. सुनेचं म्हणणं, पपांनी घर विकावं, होडी देऊन टाकावी आणि कार्ल्सरूहेला वृद्धांच्या निवासात यावं, तिच्या घरापासून चालत जाता येईल असं. व्याही फक्त बरगड्यांना जास्त तेल लावत. शेवटी त्यांनीच एक तोडगा काढला. त्यांना अनेक वर्षं आपली होडी घेऊन उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जायचं होतं. ज्येष्ठ मंडळींसाठी एक छोटी सफर निघत होती: थोडं वल्हवायचं, थोडं डोंगर चढायचं, तंबूत राहायचं. "ती नीट करून आलो, तर घर आणि होडी ठेवीन," ते मुलीला म्हणाले. "काही घोटाळा झाला, तर तू म्हणशील तसं." सून कबूल झाली, पण एका अटीवर: सोबत कोणीतरी पाहिजे. व्याही म्हणाले, "व्याहीबुवा आहेत की."

आता व्याहीबुवांना, म्हणजे मला, पोहताही येत नव्हतं. पण मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. सगळी हयात पाण्यात काढली, असं मी चारचौघांत सांगत असे, आणि ते त्यांनी मनावर घेतलं होतं. निघायच्या आधी सुनेनं मला बाजूला घेतलं. तिचा जन्म जर्मनीतला, मराठी समजतं पूर्ण, पण बोलताना ती शब्द उसने असल्यासारखी तोलून बोलते. म्हणाली, "बाबा, तुम्ही पपांवर लक्ष ठेवा. आणि परत आल्यावर मला खरं सांगा. फक्त खरं." मी मोठ्या जबाबदारीनं मान हलवली.

तालीम व्याह्यांच्या दिवाणखान्यात झाली. त्यांनी गालिच्यावर होडी जोडली, मला पुढच्या जागेवर बसवलं आणि हातात वल्हं दिलं. पुढची जागा का, तर ती मानाची. मागे बसणारा पायांनी सुकाणू फिरवतो, दिशा तोच ठरवतो, पण व्याह्यांच्या हिशेबात मागे बसणं म्हणजे सारथ्य, आणि सारथ्य मुलीकडच्यांचं काम. मी वल्हवू लागलो तशी पहिल्याच हाताला उभा दिवा आडवा झाला. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. दारातून त्यांना दिसलं ते असं: दोन म्हातारे गालिच्यावर होडीत बसलेत, एकाच्या डोक्यावर लोकरी टोपी, आणि दुसरा म्हणतोय, "डावीकडे बर्फ आहे, व्याहीबुवा, सांभाळून." बाई म्हणाल्या, आवाज कमी करा. व्याही म्हणाले, "माफ करा, आता उजवीकडे वळतोय."

स्वालबार्डला पोचलो आणि माझ्या डोक्यातला सगळा हिशेबच बिघडला. सूर्य मावळत नाही. घड्याळात दहा वाजलेत ते सकाळचे की रात्रीचे हे मला दुसऱ्याला विचारावं लागे, आणि दुसरा मला विचारे. पाणी काळं, त्यात निळे बर्फाचे तुकडे तरंगताहेत, आणि एवढी शांतता की आपलाच श्वास परक्याचा वाटावा. आमची वाटाडी हाइके नावाची जर्मन मुलगी होती. पांढऱ्या अस्वलांसाठी पाठीला बंदूक, बोलणं मोजकं. बाकी चार-पाच जर्मन, त्यांत एक निवृत्त शाळामास्तरीण. ती व्याह्यांची लगेच मैत्रीण झाली, कारण दोघांनाही चहा किती मिनिटं मुरवायचा याबद्दल ठाम मतं होती. बाकीच्यांच्या होड्या प्लॅस्टिकच्या, आमची एकटीच कापडी. मी पुढे बसून अभिमानानं वल्हवत असे. होडी सरळ जाई ते माझ्यामुळे, असं मला तीन-चार दिवस वाटत होतं. मग एकदा मी दमून हात थांबवले तर होडी आहे त्याच वेगानं जात राहिली. मागे वळून पाहिलं. व्याही म्हणाले, "तुम्ही सुरेख लय धरून दिलीत. आता तीच चालू आहे."

आणि मग आली संकष्टी. व्याह्यांनी आयुष्यात संकष्टी चतुर्थी चुकवली नव्हती. जर्मनीत ढग असले तरी ते चंद्रोदयाची वेळ कोष्टकात पाहत, ती होईपर्यंत पाण्याचे घोट घेत आणि मग नैवेद्य दाखवून उपास सोडत. इथेही पितळेचा बोटाएवढा गणपती आणि डब्यात साच्यातले खोबऱ्याचे मोदक आणले होते. सकाळी, म्हणजे ज्याला आम्ही सकाळ म्हणत होतो तेव्हा, त्यांनी कोष्टक उघडलं आणि बराच वेळ बघतच राहिले. या जागेच्या रकान्यात चंद्रोदयाची वेळ नव्हती. नुसती आडवी रेघ होती.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे आज इथे चंद्र उगवतच नाही."

"मग उपास?"

"सुरू झाला आहे," व्याही म्हणाले. "सुटायची तरतूद दिसत नाही."

मी म्हणालो, पुण्यात उगवला की सोडा. ते म्हणाले, "पुण्यातला चंद्र पुण्यातल्यांचा." मी म्हणालो, गणपती समजून घेईल. ते म्हणाले, "तो घेईलच हो. प्रश्न माझा आहे." आमचं काय चाललंय हे शाळामास्तरणीनं विचारलं, व्याह्यांनी सांगितलं, आणि मग जर्मन लोक जे करतात ते त्यांनी केलं: सगळ्यांची बैठक भरली. एक माणूस उपाशी आहे आणि चंद्र दिसल्याशिवाय जेवणार नाही, एवढं कळल्यावर तो सगळ्या तुकडीचा प्रश्न झाला. नकाशे उघडले. एकजण म्हणाला, उंचावरून क्षितिज खाली जातं. व्याह्यांनी कागदावर गणित मांडलं आणि म्हणाले, समोरच्या डोंगरावरून दक्षिणेला थोडा वेळ कड दिसण्याची शक्यता नाकारता येत नाही. हाइके बंदूक सावरत म्हणाली, आज डोंगर चढायचाच होता, मग चंद्रासाठी चढू. मी तिथे उभा राहून विचार करत होतो की यात वेडं नक्की कोण आहे.

वेळ साधायची म्हणून सगळे घाईनं निघाले. त्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढायच्या होत्या. हाइकेनं रोजच्यासारखं बजावलं: दगडांवर शेवाळाची वाळलेली रेघ आहे तिच्या वर न्या, आणि मोठ्या दगडाला बांधा, कारण भरती येईल. व्याही उपाशी होते, वाकताना दगडाचा आधार घेत होते. मी म्हणालो, "तुम्ही चला पुढे. होडीचं मी बघतो."

"रेघेच्या वर, हं."

"पाण्याचं मला सांगता?"

हे मी बोललो. आणि ते, अर्थातच, मुकाट्यानं पुढे गेले.

मी होडी ओढली. जड होती. रेघेपर्यंत आली नाही. पाणी तिच्यापासून चांगलं लांब होतं, आरशासारखं स्थिर. पाटबंधारे खात्यात माझी हयात गेली, पण माझ्या पाण्यानं मला न विचारता पातळी कधी बदलली नव्हती. मी दोर एका दगडाला गुंडाळला. दगड मोठा होता का? नव्हता. माझे हात गारठले होते आणि बाकीचे वर चढू लागले होते. मी हातमोजे घातले आणि निघालो.

डोंगरावर आम्ही ओळीनं दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलो. खाली धुकं, धुक्याच्या वर बर्फाचे सुळके, आणि त्यांच्या मध्ये काहीतरी फिकट, पांढरं. शाळामास्तरीण म्हणाली, ढग आहे. हाइके म्हणाली, डोंगराचं टोक. कोणी दुर्बीण लावली, कोणी काढली. वारा हाडांत शिरत होता. मला त्या वेळी फक्त तंबू हवा होता. मी म्हणालो, "अहो, चंद्रच तो. ही काय कड."

व्याह्यांनी हातातल्या गणिताकडे पाहिलं, मग त्या पांढऱ्याकडे, मग माझ्याकडे. कागदाची घडी केली. "व्याहीबुवा म्हणतात म्हणजे चंद्रच," असं म्हणून त्यांनी हात जोडले. दगडावर गणपती मांडून मोदक दाखवला. पहिला मोदक मला, मग हाइकेला, मग सगळ्यांना, आणि उरला तो त्यांनी खाल्ला. जर्मन मंडळींनी टाळ्या वाजवल्या. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते भुकेचं, वाऱ्याचं की आणखी कशाचं, कोण सांगणार.

खाली आलो तेव्हा बाकीच्या होड्या जागच्या जागी होत्या. आमच्या जागी ओले दगड होते. पाणी तिथवर येऊन पोचलं होतं. आमची होडी दूर खाडीत, बर्फाच्या तुकड्यांमध्ये, कोणाचीच नसल्यासारखी सावकाश फिरत होती.

हाइकेनं बंदूक शाळामास्तरणीच्या हातात दिली, स्वतःची होडी पाण्यात लोटली आणि गेली. वारा वाढला होता. मधे धुकं आलं आणि ती दिसेनाशी झाली. किनाऱ्यावर कोणीच बसलं नाही. मी मनात म्हणत होतो, ही पोर परत आली तर मी सगळं सांगून टाकीन. ती आली. आमची होडी मागे दोरानं ओढत आणली होती, पण बर्फानं दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि कापड फाटलं होतं. हाइकेची बोटं इतकी ताठरली होती की तिला स्वतःचा पट्टा सोडवता येईना, तो व्याह्यांनी सोडवला. मग तिनं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि न रागावता विचारलं, "कोणी बांधली होती?"

एवढं जर्मन मला समजत होतं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"मी," व्याही म्हणाले. "उपासानं डोकं ठिकाणावर नव्हतं."

शाळामास्तरणीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कोणीतरी सूप दिलं. हाइके म्हणाली, पुढचा प्रवास रद्द, मोटारबोट बोलावते. माझं तोंड हळूहळू मिटलं.

तंबूत मी म्हणालो, "अहो, असं का केलंत? कार्ल्सरूहेला हे कळलं तर तुमचं घर जाईल. होडी जाईल."

ते फाटलेल्या कापडाची कड बोटांनी चाचपत होते. "तुम्ही त्यात पडू नका," म्हणाले. "आणि मुलाच्या वडिलांना परक्यांसमोर खाली बघायला लावायचं, हे आमच्याकडे नाही."

"पण चूक माझी—"

"मोजे वाळत घाला व्याहीबुवा, ओले आहेत."

मी मोजे वाळत घातले. घरी गेलो की सांगू, असं ठरवलं. पण फ्रांकफुर्टला मुलीला भेटताच, सामान गाडीत ठेवायच्या आत, व्याह्यांनीच सांगून टाकलं: होडी मी नीट बांधली नाही, ती वाहून गेली, एका मुलीचा जीव धोक्यात आला. मग कार्ल्सरूहेला जेवणाच्या टेबलाशी बैठक बसली. मुलगा, सून, मी आणि व्याही. सून रडून मोकळी झाली होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथे होता. खरं सांगा. पपांनी एकटं राहावं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. व्याहीसुद्धा, अगदी शांतपणे. त्या क्षणी खरं बोललो असतो तर मला काय झालं असतं? काही नाही. मुलगा चिडला असता, सून दोन दिवस अबोल राहिली असती. मी म्हणालो, "वय झालं आता त्यांचं."

ते माझ्याहून लहान होते.

"बरोबर," व्याही मान हलवत म्हणाले. "व्याहीबुवा म्हणतात ते बरोबर आहे."

घर विकलं गेलं. मोडलेल्या बरगड्या ते आठवड्याभरात नीट करू शकले असते, पण होडी नदीकाठच्या नाविक मंडळाला द्यायचं ठरलं. ते स्वतः द्यायला गेले. दुसरी पिशवी मी उचलली होती. तिथल्या लोकांना ती उघडून त्यांनी घडी घालण्याचा क्रम समजावून सांगितला, मग पुन्हा एकदा सांगितला. निघताना मागे वळून पाहिलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तेल जवसाचं लागतं, ते सांगायचं राहिलं." आणि परत उतरून सांगून आले.

कार्ल्सरूहेच्या निवासातही त्यांनी आपला नियम चालवला. मी दर उन्हाळ्यात जात असे. माझ्या आधी कोणी जेवायला बसू नये, असं त्यांनी तिथल्या जर्मन म्हाताऱ्यांना पटवलं होतं. मी जेवणघरात शिरलो की पाच-सहा पांढऱ्या केसांच्या बायका चमचे खाली ठेवत आणि "हेर व्याहीबुवा!" असं जर्मन 'श्रीयुत' लावून मला खुर्ची दाखवत. मी त्या खुर्चीवर बसून सूप प्यायचो. किती वेळा ठरवलं, आज सांगू. एकदा नातवंडं होती, एकदा डॉक्टर आले, एकदा काहीच नव्हतं, आणि मी हवेबद्दल बोललो. घरात होडीची गोष्ट चांगली रुळली होती. व्याही स्वतःच ती रंगवून सांगत, आणि दरवेळी त्यात त्यांची चूक थोडी थोडी मोठी होत गेली. गाठ मारायला विसरलो, मग दोरच विसरलो, मग होडीलाच नमस्कार करून आलो. मुलं खदखदा हसत. त्यांना तसं खरंच आठवत होतं की ते माझ्यावरचं पांघरूण आणखी जाड करत होते, हे मी कितीदा तरी ताडायचा प्रयत्न केला. त्यांच्या तोंडावरून काही कळत नसे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मात्र मी पुण्याहूनच ठरवून निघालो होतो. विमानात वाक्य पाठ केलं. त्यांच्या खोलीबाहेरच्या गच्चीत आम्ही दोघे बसलो होतो, सून आत चहा करत होती. ते फार थकले होते. मी म्हणालो, "व्याही, ती होडी मी बांधली होती. तुम्ही नाही. तुमचं घर आणि तुमची होडी माझ्यामुळे गेली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग चेहरा हळूहळू उजळला आणि त्यांनी आत हाक मारली. "अगं, ऐकलंस का? तुझे सासरे म्हणताहेत, होडी त्यांनी बांधली होती. माझी चूक स्वतःच्या अंगावर घेताहेत. असं सासर मिळायला भाग्य लागतं पोरी."

सून ट्रे घेऊन दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पपांसाठी..." पुढचं मराठी तिला सापडेना. ट्रे ठेवून तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. तिच्या खांद्यावरून मी व्याह्यांकडे पाहिलं. ते अगदी सरळ, स्वच्छ नजरेनं माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत विसरणं होतं की सांभाळणं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

मी म्हणालो, "नाही, नाही, खरंच मी..."

"चहा घ्या व्याहीबुवा," ते म्हणाले, आणि कप माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही घेतल्याशिवाय मला घेता येत नाही."

त्यांचा चहा निवत होता. मी कप उचलला. पाठ करून आणलेल्या वाक्यातले शेवटचे शब्द, 'मला माफ करा', तेवढे बोलायचे राहिले.